मोफत वाचक वाढतायत, वर्गणीदार मात्र तेवढेच: अडलंय कुठे ते कसं शोधायचं

सशुल्क वार्तापत्र, म्हणजे ईमेलने जाणारं न्यूजलेटर, सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं. घोषणा केली त्या आठवड्यात पंधरा-वीस जण भराभर पैसे भरतात. मग काटा थांबतो. मोफत यादी दर महिन्याला वाढत राहते, वर्गणीदार तिथेच. तीन महिन्यांनी आपण सवलत काढतो, आणखी पाच-सात जण येतात आणि पुन्हा सगळं शांत. असं दोन-तीनदा झालं की "वाचण्यासाठी लोक पैसे देतच नाहीत" असं म्हणून आपण तो विषय मिटवून टाकतो.

मी या चक्रातून दोनदा गेले आहे. माझं वार्तापत्र कुंडीतल्या झाडांच्या निगेवर आहे. पान पिवळं पडलं की पाणी कमी पडलं असं वाटतं, पण पाणी जास्त झालं तरी पान पिवळंच पडतं. मुळं बघितल्याशिवाय झारी उचलायची नसते. इथेही लक्षण एकच आहे आणि कारणं वेगवेगळी. पत्र वाचकापर्यंत पोचतच नसेल तर किंमत उतरवून काहीच साधणार नाही, आणि पैसे भरायचं पानच अडत असेल तर आणखी चांगलं लिहून उपयोग नाही. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासा. मी उलट्या क्रमाने तपासलं आणि त्यात वर्ष गेलं.

आधी खरी यादी किती ते काढा

समजा यादीत २,००० पत्ते आहेत आणि २४ जण पैसे भरतात. म्हणजे १.२ टक्के. सबस्टॅक हा वार्तापत्रांचा मंच आपल्या लेखकांना ५ ते १० टक्के मोफत वाचक वर्गणीकडे वळतील असा अंदाज देत आलाय, त्यामुळे १.२ बघून पोटात गोळा येतो. पण त्या २,००० पैकी गेल्या ९० दिवसांत ज्यांनी एखाद्या लिंकवर टिचकी दिली किंवा उत्तर लिहिलं, असे किती? समजा ४८०. मग २४ म्हणजे ५ टक्के झाले. लेखन, किंमत, वर्गणीचं आमिष यांत काही मोठी खोट नाही. बाकीचे दीड हजार वाचतच नाहीत. हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत.

इथे 'ओपन रेट'वर, म्हणजे किती टक्के वाचकांनी पत्र उघडलं या आकड्यावर, विसंबू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १५ सोबत मेलसाठी जी गोपनीयतेची सोय आणली, ती पत्रातली चित्रं आधीच उतरवून घेते. पत्र उघडलं की नाही हे मोजणारं अदृश्य चित्रही त्यातच येतं. त्यामुळे वाचकाने पत्राला हातही लावला नसला तरी आपल्याकडे 'उघडलं' अशी नोंद होते. माझा ओपन रेट वाढताना दिसत होता आणि मी त्या भरवशावर निवांत होते. टिचक्यांचा आकडाही पूर्ण खरा नसतो, कारण कार्यालयांच्या मेलवरच्या सुरक्षा यंत्रणा लिंका स्वतःच उघडून तपासतात. सगळ्यात विश्वासाची खूण म्हणजे वाचकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं उत्तर. ते मोजा, आणि कुणी लिहिलं त्यांची नावं एका वहीत ठेवा. पुढे ती लागणार आहेत.

पत्र पोचतं का, आणि पूर्ण पोचतं का

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून, म्हणजे आपल्या वेबपत्त्यावरून आलंय हे पटवणाऱ्या) हव्यात, एका टिचकीत नाव काढून घ्यायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. यादी छोटी असली तरी या तिन्ही नोंदी करून घ्या. एका दुपारचं काम आहे. दुसऱ्याच्या सेवेवरून पाठवताना 'प्रेषक' म्हणून आपला साधा जीमेलचा पत्ता टाकलेला असेल तर तो आजच बदला, स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या.

यापेक्षा जास्त जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढची आहे. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या वरचं पत्र मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' अशा अर्थाची एक बारीक ओळ ठेवतं. चित्रांचं वजन यात धरलं जात नाही, मजकूर आणि त्यामागचा कोड धरला जातो. आता गंमत बघा: इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. 'कि' म्हणजे सहा बाइट. १,८०० शब्दांचं मराठी पत्र असेल तर नुसत्या मजकुराचे ३० किलोबाइटच्या आसपास होतात. त्यावर साचा, बटणं, टिचक्या मोजण्यासाठी प्रत्येक लिंकला चिकटलेली लांबलचक शेपटी आणि वर्डमधून चिकटवताना सोबत आलेला कचरा.

माझी वर्गणीची विनंती प्रत्येक पत्राच्या अगदी तळाशी होती. एकदा मी माझंच पत्र दुसऱ्या खात्यावर मागवलं, तर ते "मुळं काळी पडली असतील तर" इथे तुटलेलं. वर्गणीचं बटण त्या कापलेल्या भागात गेलं होतं. किती महिने असं चाललं होतं कुणास ठाऊक. आता मी मजकूर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाकते, तिथून उचलते, आणि विनंती पत्राच्या मध्यावर आणते.

"मी तर सबस्क्राइब केलेलंच आहे की!"

पत्र पोचतंय, वाचलंही जातंय, तरी कुणी पैसे भरत नाही. अशा वेळी पुढचा प्रश्न: पैसे भरून काही घेता येतं, हे वाचकाला ठाऊक आहे का?

मी पत्रात 'सबस्क्राइब करा' असं बटण लावलं होतं. दीड वर्ष. एक वाचक बाई नेहमी उत्तरं लिहायच्या, त्यांना मी शेवटी संकोच सोडून विचारलं की वर्गणी घ्यावीशी का वाटली नाही. त्यांचं उत्तर आलं: "अहो ताई, मी तर तुमची पहिल्यापासूनची सबस्क्रायबर आहे! परत काय करायचं?" चूक त्यांची नव्हतीच. 'सबस्क्राइब' हा शब्द आपल्याकडे व्हिडिओच्या चॅनेलवरून घराघरात पोचलाय आणि तिथे तो फुकट असतो. बटण दाबलं, घंटी दाबली, झालं. त्या शब्दात पैशाचा वाससुद्धा नाही. आपल्या भाषेत 'वर्गणी' हा सरळ शब्द असताना मी तो जुनाट वाटतो म्हणून टाळत होते. बटणावर 'वर्गणी भरा' लिहिल्यापासून निदान ती गल्लत संपली.

विनंती कशी करायची याबद्दलही एक प्रामाणिक मत मांडते. "तुम्हाला हे वार्तापत्र आवडत असेल तर कृपया पाठिंबा द्या" ही ओळ वाचकाचे डोळे दोन पत्रांनंतर ओलांडून जातात, कारण ती प्रत्येक पत्रात तीच असते आणि त्या दिवशीच्या विषयाशी तिचा संबंध नसतो. पिवळ्या पानांवरच्या पत्रात मी तिच्या जागी हे लिहिलं:

"वरची चार कारणं तुमच्या झाडाला लावून पाहिलीत आणि तरीही उलगडा झाला नाही, तर पानाचा आणि बुंध्याजवळच्या मातीचा फोटो मला पाठवा. वर्गणीदारांच्या फोटोंना मी दर शनिवारी उत्तर देते. हे पत्र सगळ्यांसाठी खुलंच राहील. शनिवारचं उत्तर वर्गणीत आहे. वर्गणी इथे भरा."

वाचक जिथे अडला असेल तिथेच ही ओळ त्याला भेटते. विनंती दर वेळी नव्याने लिहावी लागते, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. पण माझ्या अनुभवात याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही. नव्या वाचकाच्या स्वागताच्या पत्रात मात्र मी मागत नाही. काय मोफत आहे आणि काय वर्गणीत आहे, एवढं दोन वाक्यांत सांगून ठेवते.

पैसे नेमके कशाचे?

आता मूळ मुद्दा. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस जण येतात आणि मग शांतता पसरते, ती का?

मी माझ्या वर्गणीदारांना एकच प्रश्न विचारला: "ज्या दिवशी पैसे भरलेत, त्या दिवशी काय झालं होतं?" 'का भरलेत' असं विचारलं असतं तर सगळ्यांनी छान-छान लिहिलं असतं. 'काय झालं होतं' विचारल्यावर माणूस तो दिवस आठवतो. पहिल्या आठवड्यात आलेल्यांची उत्तरं जवळजवळ एकसारखी होती: तुम्ही इतकं मनापासून लिहिता, हे बंद पडू नये असं वाटलं. नंतर आलेल्यांची उत्तरं पार वेगळी. कुणी दोन आठवडे घराबाहेर जाणार होतं आणि झाडांच्या पाण्याची सोय काय करायची ते कळत नव्हतं. कुणाचं दहा वर्षं जपलेलं झाड अचानक माना टाकायला लागलं होतं. एकाने पहिल्यांदाच पन्नास रोपं एकदम आणली होती आणि तो धास्तावला होता. त्यांच्यातल्या कुणीही 'लेखन आवडतं' असं पहिल्या वाक्यात लिहिलं नव्हतं.

पहिली लाट माणसाला पैसे देते, तुम्ही टिकावं म्हणून देते. अशी माणसं यादीत मोजकीच असतात आणि घोषणा झाली की ती सगळी एकदम येऊन जातात. दुसऱ्या लाटेतली माणसं तुम्हाला तेवढं ओळखत नाहीत; त्यांना एखादं काम करून हवं असतं. आपण मात्र दुसऱ्या लाटेलाही 'पाठिंबा द्या' असंच म्हणत राहतो, म्हणून काटा अडतो. सवलत काढली की पहिल्या लाटेतले काठावरचे पाच-सात जण तेवढे आत येतात.

माझी वर्गणीची पहिली योजना होती 'महिन्याला दोन जादा लेख'. आता ती आठवून वाईट वाटतं, कारण ते जादा लेख लिहिताना मी जीव तोडून मेहनत केली होती. पण ज्याच्याकडे मोफतचेच चार अंक न वाचता पडलेत, त्याला आणखी दोन म्हणजे ओझंच. वाचक जादा मजकुरासाठी क्वचितच पैसे देतो. त्याचा वेळ वाचणार असेल, एखादा निर्णय सोपा होणार असेल, त्याच्या स्वतःच्या प्रश्नाला उत्तर मिळणार असेल किंवा त्याच्यासारख्या चार जणांशी बोलता येणार असेल, तर देतो. मी जादा लेख थांबवले. त्याऐवजी शनिवारची उत्तरं आणि छापून भिंतीवर लावता येईल असा एक पानी मासिक तक्ता, एवढंच ठेवलं. लिहायचं काम कमी झालं आणि वर्गणीत देण्यासारखं काहीतरी खरोखरच तयार झालं.

तुमचा विषय अर्थकारण असेल तर त्याच्या जागी वेगळं काही येईल. कथा-कवितांचं वार्तापत्र असेल तर आणखीनच वेगळं, कारण तिथे 'काम' असं काही नसतं. ललित लेखनात पहिलीच लाट मोठी करावी लागते, म्हणजे वाचकाशी नातं वाढवावं लागतं. तिथे हस्तलिखिताची पानं, लिहितानाचे खर्डे, वाचकांसोबत महिन्यातून एक वाचन अशा गोष्टी जादा मजकुरापेक्षा बऱ्या.

कुंपण कुठे घालायचं, म्हणजे काय खुलं ठेवायचं आणि काय फक्त वर्गणीदारांना द्यायचं, यावरून फार चुका होतात. पैसे मिळत नाहीत म्हणून चिडून सगळंच बंद करणं ही त्यातली सगळ्यात महाग चूक, कारण बंद पत्र कुणी कुणाला पुढे पाठवत नाही आणि नवे वाचक यायचे थांबतात. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये कुंपण घातलं तेव्हाही महिन्याला २० लेख खुले ठेवले होते. वर्षभराने ते १० वर आणले. क्वचित येणाऱ्याला अडवायचं नाही, ज्याला रोजची सवय लागलीय त्याच्याकडेच मागायचं, असा तो हिशेब होता. बेन थॉम्प्सन यांचं तंत्रज्ञान-उद्योगावरचं वार्तापत्र स्ट्रॅटेकरी २०१४ पासून वर्गणीवर चालतं, पण त्यांचा आठवड्याचा मुख्य लेख खुला असतो, रोजच्या टिपणांना पैसे पडतात. एकट्या माणसाला हीच पद्धत जास्त झेपते: सगळ्यात चांगलं, पुढे पाठवावंसं वाटेल असं लेखन खुलं, आणि नेमाने लागणारं, कामाचं ते वर्गणीत. गोष्ट ऐन रंगात आणून 'पुढचं वाचायला पैसे भरा' असं करू नका. वाचक तेवढ्यापुरता भरेलही, पण त्याला फसवल्यासारखं वाटेल.

पैसे भरायची वाट स्वतः चालून बघा

लॅपटॉपवरून, आधीच लॉग-इन असलेल्या खात्यातून तपासू नका. एखादा साधा, जुना फोन घ्या, नवा मेल पत्ता घ्या, आणि पत्र उघडण्यापासून पावती येईपर्यंत सगळं करा. खरे पैसे भरा.

मी केलं तेव्हा झालं ते असं. मेलच्या ॲपमध्ये बटण दाबलं, तर पान त्या ॲपच्याच आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडलं. त्याने मेल पत्ता विचारला आणि "मेलवर कोड पाठवलाय" म्हणाला. कोड बघायला मी इनबॉक्सकडे वळले, कोड घेऊन परत आले, तर पान नव्याने सुरू झालेलं आणि पुन्हा मेल पत्ता मागतंय. दुसऱ्या खेपेला कोड पाठ करून आले. मग महिन्याची आणि वर्षाची अशा दोन किमती दिसल्या, त्याही परक्या चलनात, म्हणजे डोक्यात गुणाकार करणं आलं. मग कार्ड. मग बँकेचा ओटीपी, त्यासाठी पुन्हा बाहेर. हे माझं स्वतःचं वार्तापत्र होतं म्हणून मी शेवटपर्यंत गेले. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं वाचणाऱ्या माणसाने दुसऱ्याच पायरीला फोन बाजूला ठेवला असता, आणि मी त्याला 'पैसे न देणाऱ्यांत' मोजलं असतं.

यातलं सगळं आपल्या हातात नसतं. पण बरंच असतं. लिंक थेट किमतीच्या पानावर नेणारी असावी, मुखपृष्ठावर नेणारी नको. वाचकाच्या चलनात किंमत दाखवता येत असेल तर दाखवा. पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख असे नको ते रकाने काढून टाका. आणि बटणाच्या अगदी जवळ एक ओळ हवी: वर्गणी कधीही बंद करता येते, आणि ती कशी. ही ओळ लिहिली तर लोक सोडून जातील अशी भीती मला वाटायची. माझ्या बाबतीत तरी तसं झालं नाही. उलट "बंद कसं करायचं" असं आधीच विचारणारी पत्रं थांबली.

आलेले गळत असतील तर

कधीकधी नवे वर्गणीदार येत असतात, पण तेवढेच गळत असतात, म्हणून एकूण आकडा हलत नाही. गळलेल्यांत किती जणांनी स्वतः बंद केलं आणि कितींचं कार्ड नाकारलं गेलं, हे वेगळं काढा. कार्डाची मुदत संपते, बँक नवं कार्ड देते, आणि वाचकाला पत्ताही नसतो की त्याची वर्गणी थांबली. स्ट्राइपसारख्या ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवा पैसे पुन्हा कापायचा प्रयत्न आपोआप करतात, ती सोय चालू आहे का बघा. पण 'पेमेंट फेल' म्हणून जी तयार मेल जाते ती कोरडी असते आणि फसवणुकीच्या मेलसारखी दिसते. तिच्या जागी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने चार ओळी लिहा. वार्षिक वर्गणीचा इथे मोठा फायदा होतो: मासिक वर्गणीत पैसे कापले न जाण्याचे वर्षाला बारा प्रसंग येतात, वार्षिकमध्ये एक. दहा महिन्यांच्या पैशांत वर्ष असं ठेवलं तर बरेच जण वार्षिककडे वळतात.

बदल केल्यावर किती थांबायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला. महिन्याला पाच-सहा वर्गणीदार येत असताना 'निळं बटण की हिरवं' असल्या तुलना करू नका. एवढ्या छोट्या आकड्यांत फरक दिसला तरी तो योगायोग असू शकतो. निदान चार पत्रं जाऊ द्या, मग बघा.

सवलतीबद्दल एवढंच: वर्षातून एकदा, ठरलेल्या वेळी द्या. वारंवार दिलीत तर वाचक पुढच्या सवलतीची वाट बघायला शिकतो आणि पूर्ण पैसे भरलेला जुना वर्गणीदार मनातून दुखावतो. तो बोलून दाखवत नाही, पुढच्या वर्षी नूतनीकरण करत नाही.

आणि सगळं तपासूनही आकडा हलला नाही, तर सुरुवातीला सांगितलेली ती वही काढा. उत्तरं लिहिणाऱ्यांपैकी ज्यांनी अजून वर्गणी घेतलेली नाही असे पाच जण निवडा आणि प्रत्येकाला वेगळं, नावानिशी पत्र लिहा. त्यात बटण नको, लिंकही नको. "तुमच्या विषयात गेल्या महिन्यात तुम्ही कुठे अडलात आणि तेव्हा काय शोधलंत?" एवढंच विचारा. पाचांपैकी दोघांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं, तर वर्गणीत पुढच्या महिन्यापासून तेच द्या, आणि ते तयार झाल्याचं सगळ्यात आधी त्या दोघांना कळवा.